एडीसीच्या कोटाची दोरी

हैदराबादला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, बिर्याणी खाल्ली का आणि मोती आणले का. मी मांस खात नाही आणि मोती मला शोभत नाहीत. मी गेले होते एक कोट आणायला. कोट मिळाला. पण परत आल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरचा तो कोट, त्यांनी लिहायला हरकत घेतली नाही; फक्त नाव-गाव नको म्हणाल्या. तेव्हा इथली नावं मी बदललेली आहेत, आणि ज्यांनी तो कोट अंगावर घातला त्यांना मी नुसतं कॅप्टनसाहेब म्हणणार आहे.

मी शिवणकाम शिकवायची. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी मुलींना काज-बटणापासून सफारीपर्यंत सगळं शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बायका भिश्या लावतात, चारधाम करतात. मी गणवेश गोळा करते. पोस्टमनचा खाकी, कंडक्टरचा, लग्नाच्या बँडवाल्याचा, दवाखान्यातल्या नर्सबाईचा. यजमान म्हणतात, घराचा धोबीघाट केलास. पण वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मला काचेची कपाटं मिळाली आहेत, आणि शाळेची पोरं ती बघायला रांगेनं येतात. कपाटातल्या पाटीबाबत मी फार खडूस आहे. कापड जे सांगतं तेवढंच पाटीवर लिहायचं. घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी आवडीनं ऐकते, चहाही पिते, पण लिहीत नाही. घरच्यांच्या तोंडून ऐकलं तर प्रत्येकाचा आजोबा शूरच असतो.

प्रमिलाताईंचा फोन पावसाळ्याच्या तोंडावर आला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत. त्यांचे वडील आमच्याच तालुक्यातले. निजामाच्या फौजेत कॅप्टन झाले आणि पुढे हैदराबादच्या एका मंत्र्याचे एडीसी. एडीसी म्हणजे बड्या माणसाच्या मागे दोन पावलं उभा राहणारा लष्करी अधिकारी. भेटायला कोण आलंय, कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेर ताटकळत ठेवायचं, हे सगळं त्याच्या हातात. त्याची ओळख म्हणजे खांद्यावरून छातीवर लोंबणारी सोनेरी दोरी. ताईंच्या घरी त्यांचा समारंभाचा कोट होता, पण त्यावर दोरी नव्हती. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा कॅप्टनसाहेबांनी मंत्र्याच्या तोंडावर ती दोरी हिसकून फेकली आणि नोकरी सोडली, असं ताई म्हणाल्या. हिसकली तेव्हा खांद्यावरचं कापडसुद्धा फाटलं. ते फाटलेलं अजून तसंच आहे.

फाटलेलं अजून तसंच आहे म्हटल्यावर मी बॅग भरली. मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या वाचनालयात प्रदर्शन होतं, आणि असा कोट आख्ख्या जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता.

नामपल्ली

गाडी नामपल्लीला पोचली तेव्हा आभाळ खाली आलं होतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती चिकचिक. लोकरीच्या कोटाला ही हवा वाईट, एवढंच माझ्या डोक्यात. स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्यानं माझी पिशवी आपणहून उचलून आत ठेवली, आणि विद्यानगर सांगितल्यावर तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलला. मी मान डोलावली. त्यानं मला भलत्याच नगरात नेऊन सोडलं. तिथून दुसरी रिक्षा. आमच्याकडे पत्ता चुकला तर माणसं चारी दिशांना बोटं दाखवतात. इथं एक म्हातारे गृहस्थ मला थेट रिक्षात बसवून, रिक्षावाल्याला उर्दूत दम भरून मगच गेले.

विद्यानगर

प्रमिलाताईंचं घर तळमजल्यावर, आणि निम्मं सामान बांधून झालेलं. भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन, दारामागे खोक्यांची चळत. मुलगा-सून कुकटपल्लीला राहतात, सप्टेंबरअखेर ताईही तिकडे जाणार. इतक्या वर्षांचं घर रिकामं होत होतं आणि त्या खुर्चीत बसून सगळ्यावर देखरेख करत होत्या.

"येते करून फोन केला तेव्हापासून वाट बघत बसलीये मी," त्या म्हणाल्या. "पहिलं जेवा. कोट शिल्पाकडे आहे, माझ्या सुनेकडे; सामानाबरोबर तिकडे गेला. उद्या जाऊ."

जेवायला ज्वारीची भाकरी, खट्टी दाल आणि अंबाडी. अंबाडी बघून मला बरं वाटलं. आपण ती कण्या घालून शिजवतो आणि वरून लसणाची फोडणी ओततो. त्यांनी लाल मिरची घालून, तेलात परतून ठेचली होती. तोच पाला, पण घासागणिक कानातून वाफ. मी पाणी मागितलं तर ताई हसल्या. तेवढंच त्या दिवशीचं हसणं.

"आमचं गाव तुम्हाला माहीतच आहे," हात धुऊन झाल्यावर त्या म्हणाल्या. "पोलीस ॲक्शन झाली, बाबांकडे काम नाही, धाम नाही. गावी गेलो. चुलत्यांनी ओसरीवरच बसवलं. आत या म्हटलंच नाही. लोक बोलायचे, निजामाचा कुत्रा आला. मी सात-आठ वर्षांची असेन. बाबा उठले आणि आम्हाला घेऊन परत आले. मग मरेपर्यंत गेले नाहीत. वारले तेव्हा गावचं एक माणूस आलं नाही, मास्तरीणबाई. एक."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"मला पैसा नक्को, फुलं-हार नक्को. तुमच्या त्या काचेच्या कपाटात बाबांचं नाव लिहा. दोरी त्यांनी स्वतः तोडली, ते लिहा. गावची लोकं तालुक्याला येतात ना बाजाराला? त्यांनी वाचलं पाहिजे. बस्स, त्याच्यानंतर मी कधीपण जायला तयार आहे."

मी त्यांना माझा नियम सांगितला. म्हटलं, ताई, तुम्ही सांगता म्हणून मी लिहिणार नाही. कापड बघेन आणि मग लिहीन. त्यांना राग आला नाही. उलट मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "हौ, बघा ना! फाटलंय ते काय माझ्या सांगण्यानं फाटलंय का?"

कुकटपल्ली

कुकटपल्लीचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून तसेच दुसरे फ्लॅट दिसतात, त्यांच्या खिडक्यांतून बहुतेक हा दिसत असणार. शिल्पा मूळची पुण्याची, संगणकाच्या कंपनीत मोठ्या कामावर. तिनं माझ्यासाठी मुगाचं पेसरट्टू केलं होतं आणि ते छान झालं होतं, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं मी तिच्यावर जरा जास्तच चिडले.

कोट तिनं पलंगावर अंथरला. गडद निळी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, उभी कॉलर, छातीवर पितळी बटणांची रांग. बटणं आरशासारखी लखलखत होती. जुन्या बटणाला कुणी चिंचेनं घासलं की माझा अर्धा जीव जातो. मी कोट उचलून नाकाशी नेला. ड्रायक्लीनचा वास.

"काकू, बघा किती सुंदर झालाय!" शिल्पा म्हणाली. "खांद्यावर भोक होतं ना मोठं, ते पण रफू करून घेतलं. जुन्या शहरात एक जण आहे, एक्स्पर्ट. कुठे होतं ते शोधून दाखवा."

मी शोधलं. उजव्या खांद्यावर, कॉलरपासून चार बोटं. उजेडाकडे धरून तिरपं बघितलं तेव्हा कुठं विणीतला फरक कळला. काम अप्रतिम होतं. विद्यार्थिनीनं केलं असतं तर मी तिला डोक्यावर घेऊन नाचले असते.

"अगं, का केलंस हे?" माझा आवाज चढला. "तेच तर बघायला आले मी! ते फाटलेलं!"

शिल्पाचा चेहरा उतरला. ती आधी माझ्याकडे आणि मग सासूकडे बघायला लागली. "आईंनीच तर शिकवलंय मला. लग्न होऊन आले तेव्हा मी मोलकरणीला उसवलेला कुर्ता दिला होता, तर किती बोलल्या होत्या. आपल्या घरातून फाटका कपडा दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायचा नाही. शिवून, धुऊन, घडी करून द्यायचा. आता आजोबांचा कोट जाणार, लोक बघणार, तो फाटका कसा देऊ?"

हे खरंच होतं. आमच्याही घरी हीच रीत. माझी आई बोहारणीला द्यायच्या लुगड्यालासुद्धा टाका घालायची. म्हणजे शिल्पानं काही आगाऊपणा केला नव्हता, घरचं वळण पाळलं होतं. पण त्या वळणापायी कॅप्टनसाहेबांच्या बाजूनं बोलणारा एकमेव साक्षीदार ड्रायक्लीन होऊन, इस्त्री होऊन गप्प झाला होता.

"फोटो काढला होतास का आधी?" मी विचारलं.

"फाटक्याचा कशाला काढू?"

प्रमिलाताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी खांद्यावरच्या त्या जागेवरून हात फिरवला. हाताला काही लागेना. "इथं होतं," त्या म्हणाल्या. "माझी दोन बोटं जायची." परत हात फिरवला. मग शिल्पाला म्हणाल्या, "परेशान नक्को होऊ, बेटा. रफूवाला सांगेल ना." शिल्पा आत जाऊन रडली असावी, कारण चहा घेऊन आली तेव्हा डोळे लाल होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

जुन्या शहरात

दुसऱ्या दिवशी शिल्पानं रजा टाकली आणि मला घेऊन निघाली. ताईंना एवढं चालणं झेपलं नसतं. जुन्या शहराविषयी लोक भरभरून लिहितात, मला मात्र खालची जमीन बघत चालावं लागलं. गल्लीत पाणी साचलेलं, आणि अत्तरवाल्यांच्या रांगेसमोर माझ्या चपलेचा अंगठाच तुटला. शिल्पानं पर्समधला केसांचा रबर काढून तो बांधून दिला. त्या फेंगड्या चालीत आम्ही गेलो. बाकी मला आठवतात ते शेरवान्यांचे पुतळे, डोकं नसलेले, ओळीनं उभे. एरवी मी त्यांच्या शिलाया बघत दोन तास घालवले असते.

रफूवाले मियाँ एका जिन्याखाली बसले होते, मांडीवर पश्मिना शाल पसरून. शिल्पाला त्यांनी ओळखलं.

"सलाम मॅडम. हौ, वो नीला कोट हमीच बनाए. कायकू, कुछ खराबी है क्या?"

खराबी नाही, उलट फारच चांगलं झालंय, हे मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. मग विचारलं, "पहले कैसा फटा था, याद है? खींचके फटा था?"

"हौ, खिंच को फटा था," ते लगेच म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. तरी माझा स्वभाव. "की कीड़ा लगा था?"

"हौ, कीड़ा भी लग को था उधर. पुराना माल है ना."

"और कैंची का होगा तो?"

"कैंची का भी हो सकता." त्यांनी शाल बाजूला ठेवली आणि अगदी मायेनं माझ्याकडे बघितलं. "देखो मेमसाब, मेरे पास रोज इत्ते आते. रफू के पहले किनारे साफ करना पड़ता, उसमें सब एक जैसा दिखता. आपको कैसा होना वो बोलो, मैं वैसा लिख को देतौं. किसी का भला होता तो मेरा क्या जाता?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आम्हाला काहीतरी हवंय एवढं त्यांना कळलं होतं, आणि माणूस देऊ करत होता. शिल्पा मला कोपरानं ढोसत पुटपुटली, "काकू, घ्या ना लिहून. आईंना किती बरं वाटेल."

मी नाही म्हटलं. परतताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, खाली नदीचं काळं पाणी. शिल्पा म्हणाली, "तुम्हाला माहितीये का, मला मराठी भराभर वाचता येतं, पण माझ्या मुलीला येत नाही. तुमची ती पाटी ती वाचणार पण नाही. आई मात्र वाचणार. त्यांच्या एकट्यासाठी तरी."

मी चपलेवरचा रबर पुन्हा घट्ट केला.

पुन्हा विद्यानगर

आता एकच वाट उरली होती. असल्या कोटाचा खांदा एकेरी नसतो. वर बनात, आत ताठपणासाठी कॅनव्हास, त्याखाली अस्तर. दोरी अडकवायचा फासा बनात आणि कॅनव्हास दोन्हींतून घट्ट शिवलेला असतो. रफूवाल्यानं वरचं कापड विणलं होतं. आतल्या कॅनव्हासला त्यानं हात लावलेला नसणार. अस्तर चार बोटं उसवलं की कळलं असतं.

कुकटपल्लीहून परत आणलेला कोट मांडीवर घेऊन मी ताईंना तसं सांगितलं. म्हटलं, उसवलेलं मी परत शिवून देईन, पण आत काय निघेल ते माझ्या हातात नाही. नको असेल तर नको.

"नक्को कायकू?" त्या म्हणाल्या. "उसवा. वरून पुसलं गेलं, आतून कसं पुसलं जाईल?"

सकाळची वेळ होती. खिडकीशी खुर्च्या ओढल्या आणि मी माझी छोटी कात्री काढली. ताई समोर, गुडघ्याला गुडघा लावून. अस्तर सुटलं. मी कॅनव्हास उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले, कारण वर बघायचं धैर्य होत नव्हतं.

दोरी हिसकली असती तर कॅनव्हास ओढला गेला असता, धाग्यांची टोकं विस्कटली असती. इथं तसलं काही नव्हतं. फाशाच्या टाक्यांची भोकं जशीच्या तशी, सुईनं एकेक टाका काढल्यासारखी. त्यांच्या शेजारी एक बारीक, सरळ काप. कात्री घसरली की होतो तसला. वरचं फाटलेलं त्या कापातूनच पुढं कधीतरी मोठं झालं असणार.

आणि मग मी कॉलर बघितली. दोन दिवस कोट हाताळत होते तरी माझं लक्ष सगळं खांद्यावर. कॉलरच्या कडेनं आणि बाह्यांच्या टोकाला एका बोटाएवढा पट्टा बाकीच्या कापडापेक्षा गडद होता. तिथं कधीतरी जरीची फीत होती, तिच्याखाली रंग विटला नव्हता. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी सुईची भोकं. ती फीतसुद्धा कुणीतरी सावकाश, कापड न दुखावता काढली होती. रागावलेला माणूस दोरी तोडेल. तो नंतर बसून कॉलर आणि बाह्या उसवत नाही.

"बोला ना," ताई म्हणाल्या.

मी सांगितलं. गोल गोल न बोलता सांगितलं. "ताई, दोरी कुणी तोडलेली नाही. काढलेली आहे. आणि नुसती दोरी नाही, कोटावरची सगळी जर काढलीये. कलाबतू खरा असावा, चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला." कॅनव्हास दाखवला, कॉलर दाखवली. त्यांचं बोट धरून त्या भोकांवरून फिरवलं.

त्यांनी बोट काढून घेतलं नाही. स्वतःच फिरवत राहिल्या, कॉलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली, कामवाली बाई गॅस बंद करायला विसरली बहुतेक. मी उठले नाही.

"ही कॉलर मी धरली होती," ताई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"आई खिडकीत बसली होती. मला बोलली, ताणून धर, हलवू नक्को. माझे हात दुखायला लागले तरी हलले नाही मी. ती एकेक टाका काढायची आणि जर वाटीत ठेवायची. मला वाटलं काही तरी नवीन शिवतेय. कात्री घसरली तेव्हा अगं आई गं बोलली, जसं काय तिलाच लागलं." त्यांनी कॉलर दोन्ही हातांनी धरली. "जुनी जर घेणारा गल्लीतनं ओरडत जायचा. त्याला हाक मारायला मलाच पाठवलं."

"मग ती हिसकल्याची गोष्ट?"

"आई बोलली, कुणी विचारलं तर बाबांनी फेकून दिली म्हणायचं. त्यांना कमीपणा नक्को यायला. म्हणून मी म्हटलं. शाळेत म्हटलं. सासरी म्हटलं. म्हणता म्हणता मला दिसायलाच लागलं, मास्तरीणबाई. बाबा खसकन ओढतायत, मंत्री खुर्चीतनं उठलाय, सगळं. वाटी गेली डोक्यातनं. आत्ता बोट फिरवलं तेव्हा हाताला आठवलं."

"आणि नोकरी? ती तरी त्यांनी सोडली होती ना?"

"सोडली का गेली, आता कोण सांगणार?"

त्या रडल्या नाहीत. मीच रडले. मला त्या क्षणी माझ्या नियमाचा, माझ्या कात्रीचा, सगळ्याचा तिटकारा आला. रफूवाल्यानं लिहून दिलं असतं तेवढं घेऊन मी गाडीत बसले असते तर काय बिघडलं असतं? ताईंनी पदरानं माझे डोळे पुसले आणि कुकर बंद करायला उठल्या.

अस्तर मी दुपारी परत शिवून टाकलं. जुन्याच भोकांतून टाके घेतले.

निघायच्या दिवशी मला वाटलं होतं, त्या कोट देणार नाहीत. पण मी बॅग भरत असताना त्यांनी तो मलमलीत गुंडाळून आणून दिला. "न्या. कुकटपल्लीला कपाटं छोटी आहेत."

"पाटीवर काय लिहू, ताई?"

"नाव लिहू नक्को."

मी चपापले. ज्या नावासाठी त्यांनी मला बोलावलं, तेच नको म्हणत होत्या. मी म्हटलं, दोरीचा उल्लेखच करत नाही, नुसतं नाव, हुद्दा आणि गाव लिहिते, एवढं तर खरंच आहे. त्यांनी मान हलवली.

"दोरीशिवायचा एडीसी कुणी बघितलाय का? लोकं विचारतील, दोरी कुठंय. तुम्ही काही खोटं बोलणार नाही, ते मला कळलं आता. मग माझ्या आईला त्या काचेत उभं करणार तुम्ही, हातात कात्री देऊन. तिनं जन्मभर झाकलं. नक्को. एका एडीसीचा कोट, नाव माहीत नाही, एवढंच लिहा."

"आणि गावचे लोक?"

"बोलू दे त्यांना. बाबांना सवय आहे."

बाहेर रिक्षा येऊन उभी होती. बारीक चिकचिक पुन्हा सुरू झाली होती, म्हणून मी कोट प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड बांधलं. ताई खांबाला धरून पायरीपर्यंत आल्या. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"ताई, दोरी विकली हे बाबांना कळलं तेव्हा ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? काही बोलले नाहीत." त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "त्या दिवशी आईनं ज्वारी आणली, डाळ आणली, तूपसुद्धा आणलं. किती तरी दिवसांनी चूल नीट पेटली. आम्ही पोरं तुटून पडलो. बाबांनी ताट सरकवलं. मला भूक नाही, बोलले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"दुसऱ्या दिवशी जेवले," ताई म्हणाल्या.